मनुष्यबळाच्या शास्त्राची अहमदाबादी पूर्वपीठिका



मराठीच्या अध्यापकाने गिरण्या आणि व्यवस्थापन यांवर बोलावे, हे आपल्यापैकी अनेकांना चमत्कारिक वाटेल. मी या विषयात शिरलो तो एका शब्दाच्या दाराने. सप्टेंबर १९८५ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचे नाव बदलून ‘मानव संसाधन विकास मंत्रालय’ असे झाले. मराठी वृत्तपत्रांनी त्याचे ‘मनुष्यबळ विकास’ केले. दोन्ही शब्द मला खटकले. संसाधन म्हणजे कोळसा, पाणी, लाकूड. ते उपसायचे आणि वापरायचे. ‘बळ’ हा शब्द त्यापेक्षा बरा. परंतु त्यातही माणूस मोजला जातो तो ठोक भावानेच. २०२० मध्ये मंत्रालयाला ‘शिक्षण’ हे जुने नाव परत मिळाले. विषयाचे नाव मात्र विद्यापीठांत, कारखान्यांत आणि नोकरीच्या जाहिरातींत कायमचे रुजले. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ मध्ये सिद्ध करविला, त्या शहरात शब्दाची अशी चौकशी करणे अस्थानी ठरू नये.

शब्दाचा माग काढताना शास्त्राचा इतिहास हाती आला. पाठ्यपुस्तकांत तो बहुधा असा सांगितला जातो : १९२४ ते १९३२ या काळात अमेरिकेत हॉथॉर्न येथील कारखान्यात प्रयोग झाले, जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या कुर्ट लेविन यांनी समूहाच्या वर्तनाचा अभ्यास सुरू केला, त्यांच्या निधनानंतर, १९४७ मध्येच, बेथेल येथे समूह-प्रशिक्षणाची शिबिरे भरू लागली, १९६० मध्ये डग्लस मॅक्ग्रेगर यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला आणि ‘संघटना विकास’ ही शाखा स्थिरावली. मग भारताची पाळी. १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रोमध्ये मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. हे सर्व खरे आहे. परंतु या कथनात आपण केवळ घेणारे ठरतो. येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादेत, १९५३ मध्ये जे घडले त्याला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

त्याआधी थोडे मुंबईविषयी. गिरणीत माणूस नेमणारा, काढणारा, उसने पैसे देणारा आणि गावाकडच्या ओळखीने खोलीही मिळवून देणारा असा जॉबर हाच त्या काळचा ‘मनुष्यबळ विभाग’ होता. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. कमी माणसांनी अधिक यंत्रे सांभाळावीत, या मालकांच्या योजनांना असलेला विरोध हे त्याचे एक मोठे कारण होते. पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवले आणि कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा झाला. म्हणजे आपल्याकडे या विषयाचा उगम संप, आयोग आणि कायदा यांत आहे. मानसशास्त्र नंतर आले.

अहमदाबादेची जडणघडण वेगळी. १९१८ च्या लढ्यात एका बाजूला गिरणीमालक अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला गांधीजींसमवेत त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. त्यातून १९२० मध्ये मजूर महाजन उभे राहिले आणि तंटा लवादाने मिटवण्याची रीत पडली. त्याच साराभाई घराण्यातील गौतम साराभाई यांच्याकडे कॅलिको मिलची धुरा असताना लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांना सल्लागार म्हणून बोलावण्यात आले. ही संस्था महायुद्धानंतर स्थापन झालेली. तिच्या एरिक ट्रिस्ट यांनी, पूर्वी स्वतः खाणकामगार असलेल्या बॅमफर्थ यांच्यासह, १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींवर एक निबंध लिहिला होता. नवे यंत्र आणले, पण त्याच्यासाठी कामगारांच्या जुन्या टोळ्या फोडल्या; परिणामी यंत्र सुधारले आणि काम बिघडले, असा त्याचा आशय होता.

कॅलिकोच्या अखत्यारीतील जुबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते. उत्पादन मात्र अपेक्षेप्रमाणे निघेना आणि कापडातील दोषही कमी होईनात. एका शेडमध्ये २२४ माग आणि २९ माणसे. साध्या मागावर एकच विणकर बहुतेक सगळे पाहतो. स्वयंचलित मागावर त्याच्या कामाचे तुकडे झाले : विणणारा निराळा, बॉबिनची बॅटरी भरणारा निराळा, एकदम बरेच धागे तुटले तर ते सांधणारा निराळा, शिवाय तेल घालणारा, झाडणारा, कापड वाहणारा, जॉबर आणि त्याचे मदतनीस. अशा १२ प्रकारच्या भूमिका होत्या. प्रत्येकाच्या वाट्याचे माग कामाच्या भाराप्रमाणे काटेकोर मोजून दिलेले. विणकराकडे सुमारे ३०, बॅटरी भरणाऱ्याकडे सुमारे ५०, सांधणाऱ्याकडे सुमारे ७०.

कागदावर हे निर्दोष आहे. पण साधे त्रैराशिक मांडा. एका विणकराच्या वाट्याला अर्ध्याहून थोडा अधिक बॅटरी भरणारा आणि अर्ध्याहून कमी सांधणारा येतो! धागे तुटले तर हाक कोणाला मारायची? तो दुसऱ्याच विणकराच्या मागावर गुंतलेला. माणसे २९ होती, पण त्यांतले कोणीही कोणाचे नव्हते. यंत्राचे गणित करणाऱ्याने बेरीज बरोबर केली होती. माणूस अपूर्णांकात विभागता येत नाही एवढेच तो विसरला होता.

राईस यांनी सुचवले ते साधे होते. मागांचा एक सलग गट आणि तो चालवणारी माणसांची एक टोळी, अशी रचना करता येईल का? ही कल्पना पर्यवेक्षकांमार्फत शेडमध्ये पोहोचली. यापुढचा भाग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि आपापल्या टोळ्या स्वतःच जुळवून आणल्या. तज्ज्ञाने यादी केली नाही, व्यवस्थापकाने हुकूम काढला नाही. ६४ मागांमागे ७ माणसे असे ते गट होते. आरंभी चढउतार झाले. नंतर घडी बसली. कार्यक्षमता सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, दोषयुक्त कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. राईस यांचा निबंध १९५३ मध्ये आणि ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्वायत्त कार्यगट’ म्हणून पुढे नॉर्वे-स्वीडनमध्ये जे प्रयोग गाजले, त्यांच्याआधीचा हा प्रयोग आहे.

येथे टाळ्या घेऊन थांबता आले असते. परंतु तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राईस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये त्याच शेडमध्ये पुन्हा गेले. एका ठिकाणी गटपद्धती १७ वर्षांनंतरही बव्हंशी टिकलेली त्यांना आढळली, इतरत्र ती विरत गेली होती. बाजार बदलला, कापडाचे प्रकार बदलले, ताण वाढला आणि वरून हस्तक्षेप होऊ लागला, की गट मोडत. माझ्या मते या शास्त्राची दुखरी नस हीच आहे. टोळी कशी जुळवायची हे कामगारांना ठरवता आले. पण कोणते कापड विणायचे, कोणते सूत घ्यायचे, यंत्रे केव्हा बदलायची, हे निर्णय त्यांच्या हाती कधीच आले नाहीत. दिलेले स्वातंत्र्य देणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. व्यवस्थापनाचे माझे प्राध्यापक मित्र या मताशी सहमत नाहीत. त्यांच्या मते बाजार कोणाच्याच हाती नसतो, मालकाच्याही नाही. त्यांचे म्हणणे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांनी काही अंशी खरे ठरवले. १९८० नंतर अहमदाबादेच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शतकाच्या अखेरीस कॅलिकोही संपली. मालक, तज्ज्ञ आणि विणकर यांपैकी कोणाचे काय झाले, याचा हिशेब मात्र समान नव्हता.

आज आपल्या विद्यापीठात या विषयाची पदवी घेणारे विद्यार्थी मला भेटतात. त्यांना हॉथॉर्न ठाऊक असते, जुबिली ठाऊक नसते. राईस यांचे नाव तरी ग्रंथालयात सापडेल. त्या २९ जणांपैकी एकाचेही नाव मला आजवर कोठे वाचायला मिळालेले नाही. १९५३ मध्ये त्या शेडमध्ये पंचविशीत असलेला विणकर आज नव्वदीच्या पुढे असणार. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी वा सासरी-माहेरी अहमदाबादेच्या गिरण्यांत साचे चालवलेले कोणी असेल, तर त्यांच्याकडून टोळ्या कशा जुळल्या, कोणी कोणाला निवडले, कोण बाहेर राहिले, हे विचारून लिहून काढावे आणि शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावे. ग्रंथपालांशी मी बोललो आहे. त्यासाठी एक कपाट त्यांनी रिकामे करून ठेवले आहे.