गुन्हेगारी म्हणजे दंड

कोलाडच्या दुकानात मसाला मागितला, तर दुकानदार हळद-तिखटाच्या बरण्यांकडे वळेल. पेशवाईतल्या न्यायाच्या कागदात ‘मसाला रुपये पाच’ असे आले, तर तिथे फोडणीचा काही संबंध नाही. ज्याला बोलावणे धाडले, त्याच्याचकडून प्याद्याच्या खेपेचे पैसे वसूल होत. त्या रकमेला मसाला म्हणत.

हा शब्द चुकला तर हसून सोडता येते. ‘गुन्हेगारी’ चुकला तर मात्र इतिहासच चुकतो. ‘गुन्हेगारी वाढली’ म्हटले की आज आपण चोऱ्यामाऱ्या वाढल्या असे समजतो. जुन्या हिशेबांत गुन्हेगारी ही जमेची बाब आहे : सरकारने घेतलेला दंड. आणि हा दंड चोरालाच होई असेही नाही. पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे निवडला, की जिंकणाऱ्याने ‘हरकी’ द्यायची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. म्हणजे ज्याने कोणाची काडीही चोरली नाही, केवळ भाऊबंदांशी भांडण हरला, तो आपल्या तक्त्यात गुन्हेगार होऊन बसतो! एखाद्या परगण्यात ही रक्कम दुप्पट झाली, तर माणसे बिघडली की कमाविसदाराची वसुली कडक झाली, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी निवाडाच वाचावा लागतो. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा ग्रंथ (१९५३) महजर, निवाडपत्रे यांवर उभारला, तो याच कारणाने मोलाचा आहे.

‘बदअमल’ हा याहून फसवा शब्द. आजच्या कानाला तो वाईट कारभार वाटेल. पेशवे दप्तरात तो बहुधा स्त्री-पुरुषांच्या अवैध संबंधाचा आरोप असतो. त्याबद्दल दंड होई. पण बायकांना पकडून सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर बटकी म्हणून राबवल्याच्याही नोंदी आहेत. कोणी हा शब्द लाचलुचपतीच्या खान्यात टाकला, तर या बायकांचा पत्ताच लागायचा नाही.

इंग्रजी अमलात शब्द पक्के झाले, पण घोळ संपला नाही. १८६० चा दंडविधानाचा कायदा १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. त्यात पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. चौघांची ती नुसती जबरी चोरी. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पाचाचा आकडा कायम आहे. गावकऱ्याच्या बोलण्यात मात्र रात्री घरावर घाला पडला की तो दरोडाच, माणसे तीन असोत की तेरा. कोलाड परिसरातल्या दरोड्यांचा जुना आलेख काढणाऱ्याने १९८१ पूर्वीचे कागद कुलाबा जिल्ह्याच्या नावाखाली शोधावेत, आणि ‘दरोडा’ हा शब्द फिर्यादीचा आहे की कोर्टाचा, तेही पाहावे.

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ च्या खटल्यांचे वृत्तांत संगणकावर शब्दाने शोधता येतात. आपल्याकडचे जुने कागद मोडीत आहेत, आणि मोडीत दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. तिथे अजून वाचणारा माणूसच लागतो.