मिसुरीकांठचीं दोन घरें

अमेरिकेच्या उत्तर डाकोटा संस्थानांत हार्ट नांवाची लहान नदी जेथें मिसुरीला मिळते, तेथें सरकारनें राखलेलें एक विस्तीर्ण उद्यान आहे. अब्राहम लिंकनच्या नांवाचा लष्करी तळ पूर्वीं येथें होता. उद्यानाचें नांवहि त्यावरूनच पडलें. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९०७ सालीं ही जागा संस्थानाच्या स्वाधीन केली. उन्हाळ्यांत लोक येथें मुलांबाळांसह येतात, तंबू ठोकून राहतात, टेकड्यांवर हिंडतात, गळ टाकून मासे धरतात. या करमणुकीच्या जोडीला तेथें इतिहासहि मांडून ठेवलेला आहे.

नदीकडे उतरणाऱ्या जागेवर मँडन लोकांचें गांव सुमारें १५७५ पासून दोन शतकें नांदत होतें. चार भक्कम खांब, त्यांवर तुळया, वर वाळुंजाच्या फांद्या, गवत आणि मातीचा जाड थर, असें त्यांचें गोल घर असे. तें बांधण्याचें बरेचसें काम स्त्रिया करीत आणि मालकीहि त्यांचीच असे. मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल हीं त्यांचीं पिकें. धान्य आपल्याकडील पेवासारख्या खड्ड्यांत सांठवीत. १७८१ सालीं देवीच्या सांथीनें हें गांव ओस पडलें. जेनरची लस निघावयास अद्याप १५ वर्षें अवकाश होता. वांचलेले लोक उत्तरेकडे निघून गेले. पुढें १९३० नंतरच्या मंदींत बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी दलानें त्यांतील कांहीं घरें पुन्हां उभारलीं.

दुसरें घर कस्टर या घोडदळाच्या सेनानीचें. आगगाडीचा रस्ता आंखणाऱ्यांच्या रक्षणार्थ १८७३ सालीं त्याची पलटण येथें आली. १८६८ च्या तहानें ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटा लोकांकडे राहावयाचा होता. तरी १८७४ सालीं याच तळावरून कस्टर तिकडे मोहीम घेऊन गेला. सोन्याची वार्ता पसरली, गोऱ्यांची रीघ लागली आणि युद्ध पेटलें. १७ मे १८७६ रोजीं पलटण येथून निघाली. २५ जून रोजीं लिटल बिगहॉर्न नदीकांठीं कस्टर अनेक सैनिकांसह पडला, आणि ती बातमी त्याच्या पत्नीला याच घरांत ऐकावी लागली. तें मूळ घर नाहींसें झालें होतें. १९८९ सालीं तें नव्यानें बांधण्यांत आलें. तेथील मार्गदर्शक जुना पोशाख करून, जणुं १८७५ सालच चालू आहे, अशा भाषेंत पाहुण्यांना घर दाखवूं लागले.

या रीतीला तिकडे जिवंत इतिहास म्हणतात. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला आहे. सनावळी विसरणारीं मुलें पाहिलेलें भांडें किंवा अंगरखा विसरत नाहींत, हें मला ठाऊक आहे. म्हणून या रीतीचें मी स्वागतच करतों. परंतु घड्याळ कोणत्या क्षणीं थांबविलें आहे, हें पाहणाऱ्यानें विचारलें पाहिजे. १८७५ साल बोलणाऱ्याला १८७६ ठाऊक असूं शकत नाहीं. म्हणून तें घर एका सुखी कुटुंबाचेंच दिसतें, मोडलेल्या तहाचें दिसत नाहीं. उलट, मातीच्या घरांपाशीं घड्याळ १७८१ वर थांबतें आणि मँडन लोक त्या सांथींतच संपले, असा ग्रह होतो.

ते संपले नाहींत. हिदात्सा आणि अरिकारा या जमातींसह ते याच मिसुरीच्या वरच्या अंगाला, फोर्ट बर्थोल्ड येथें आजहि राहतात. १९५३ सालीं नदीवरील गॅरिसन धरणाचें काम पुरें झालें आणि त्या जलाशयांत त्यांच्या कांठच्या सुपीक जमिनी बुडाल्या. त्या रिकाम्या मातीच्या घरांतून बाहेर पडणाऱ्या प्रवाशानें नदीच्या वरच्या दिशेला एकदां पाहावें. त्या घरांचा पुढचा इतिहास तिकडे अजून चालू आहे.