औषधांचा फेरआढावा म्हणजे काय? डॉक्टर आणि फार्मासिस्ट मिळून तो कसा करतात?

रुग्ण घेत असलेली सगळी औषधे एकत्र मांडायची आणि प्रत्येक गोळी अजून लागते का, डोस बरोबर आहे का, एकीचा दुसरीला अडथळा होतो का हे तपासायचे, याला औषधांचा फेरआढावा म्हणतात. फार्मासिस्ट यादी करून शंका काढतो. औषध बदलायचे की बंद करायचे, हे डॉक्टर ठरवतात.

याची गरज मोठ्या शहरापेक्षा भोर तालुक्यातल्या कामथडीसारख्या गावात जास्त भासते. पुणे-सातारा रस्त्यावरच्या या गावातला माणूस ताप-खोकल्याला जवळच्या डॉक्टरांकडे जातो, बीपीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून आणतो आणि मोठे दुखणे आले की पुण्यात दाखल होतो. चिठ्ठ्या तीन ठिकाणच्या, आणि एका डॉक्टरांना दुसऱ्यांची चिठ्ठी दिसेलच असे नाही.

गडबड कुठे होते?

समजा, सत्तरीच्या एका आजींना आरोग्य केंद्रातून टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी मिळते. पुढे पुण्याच्या रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर वेगळ्याच नावाची गोळी लिहून दिली जाते. तिच्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध, दोन्ही असतात. पाकीट निराळे, नाव निराळे, म्हणून आजी दोन्ही घेतात. बीपी गरजेपेक्षा खाली येतो, उठताना चक्कर येते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे.

त्यात भातलावणीनंतर गुडघे धरले म्हणून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी सुरू होते. खरा धोका इथे आहे. वेदनाशामकामुळे मूत्रपिंडाकडे येणारा रक्तपुरवठा कमी होतो, टेल्मिसार्टनमुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरतो आणि लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी घटते. वयस्कर माणसाला जुलाब-उलट्या झाल्या, तर या तिघांमुळे मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य कारणासाठी दिलेली असते. चूक एका चिठ्ठीत शोधून सापडत नाही, सगळ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर दिसते.

आजी सगळी विकतची औषधे एकाच मेडिकलमधून घेत असतील, तर दोन-तीन चिठ्ठ्या एकाच माणसाच्या नजरेखालून जातात. म्हणून या कामात फार्मासिस्टचे महत्त्व.

कायदा काय सांगतो?

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे नियम लागू केले. त्यांनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टने चिठ्ठी तपासताना एकच औषध दोनदा आले आहे का, औषधांचा आपसात किंवा आजाराशी विरोध आहे का, डोस किंवा मुदत चुकली आहे का, अ‍ॅलर्जी आहे का हे पाहायचे असते. काही आढळले तर गरजेप्रमाणे डॉक्टरांशी बोलायचे असते. स्वतःच्या अधिकारात औषध बदलायची मुभा मात्र त्याला नाही.

कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवरून डॉक्टरांना फोन लावणे अवघड असते आणि लावला तरी तो चूक काढल्यासारखा वाटण्याची भीती असते. पैशाचा मुद्दा त्याहून मोठा आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला आहे. म्हणजे उत्पन्न विक्रीवर. एखादी गोळी कमी करायला सुचवणारा दुकानदार स्वतःचीच विक्री घटवतो. ही अपेक्षा निव्वळ चांगुलपणावर सोडलेली आहे, आणि तिथेच व्यवस्था लंगडी पडते.

ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये यावर वेगळा मार्ग काढला. तिथे फॅमिली डॉक्टर रुग्णाचे नाव कळवतात, प्रशिक्षित फार्मासिस्ट घरी जाऊन औषधे पाहतो, डॉक्टरांना अहवाल देतो आणि या कामाचे पैसे सरकार देते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातच फार्मासिस्ट नेमले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जागतिक मोहीम सुरू केली, तीही याच प्रश्नावर.

भारतात रुग्णाजवळ बसून औषधांचा विचार करणारे फार्मासिस्ट घडवण्यासाठी २००८ मध्ये फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत तो शिकवला जातो. पण या अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण मोठ्या रुग्णालयात होते. गावच्या मेडिकलपर्यंत ही विद्या अजून फारशी उतरलेली नाही. आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी असतात, मात्र केसपेपर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांना गोळ्या मोजून देण्यात त्यांचा वेळ जातो.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे?

वर्षातून एकदा तरी आणि रुग्णालयातून घरी आल्यावर लगेच, घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावीत. आयुर्वेदिक काढे, चूर्णे, झोपेच्या गोळ्या आणि न विचारता घेतलेली वेदनाशामकेही त्यात हवीत. शक्यतो एकाच मेडिकलमधून औषधे घ्यावीत आणि तिथल्या फार्मासिस्टला आजार, अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास सांगून ठेवावा. त्याने शंका काढली तर ती चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावी, म्हणजे डॉक्टरांपर्यंत नीट पोचते. मनाने गोळी बंद करू नये. बीपीची, फिटची किंवा रक्त पातळ करणारी तर नाहीच.

एक साधी अडचण पिशवी उघडल्यावर हमखास निघते: पट्टीचा कापलेला तुकडा, ज्यावर ना नाव असते ना मुदत. पाच गोळ्या घ्यायच्या असतील तर औषधाचे नाव असलेला भाग मागून घ्यावा, किंवा पूर्ण पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.