मोहन रानडे : एका मराठी शिक्षकाचे स्मरण

पोर्तुगीज अमदानीत इब्रामपूरच्या वेशीपासून फोंडा महालापर्यंत मराठी अक्षर जगले ते देवळांत व गृहस्थांच्या ओसरीवर भरणाऱ्या खासगी शाळांमुळे. वाचनालयांना वाचक पुरविले ते या शाळांनीच. अशाच शाळेत, सावई-वेरे येथे, इ. स. १९५० च्या सुमारास सांगलीचे मनोहर आपटे 'मोहन रानडे' हे नाव धारण करून शिक्षक म्हणून आले.

मुलांना शिकवीत असतानाच ते आझाद गोमंतक दलात कार्यरत होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना पोर्तुगालमध्ये नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, गावोगावी मराठी शाळा निघाल्या. त्यासाठी झटलेला शिक्षक मात्र लिस्बनजवळच्या तुरुंगात होता. सुधीर फडके यांनी सुटकेसाठी चळवळ चालविली, अण्णादुराईंनी पोपकडे रदबदली केली, तेव्हा जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली.

त्यानंतर रानडे यांनी सत्ता मागितली नाही. चिंबलच्या झोपडपट्टीवासीयांसाठी ते झटले. त्यांचे आत्मकथन 'सतीचे वाण' आपणांस परिचित आहेच. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. २५ जून २०१९ रोजी पुण्यात ते निवर्तले.

लोक त्यांना क्रांतिकारक म्हणून ओळखतात. ग्रंथालयाने मात्र त्यांच्यातील शिक्षकाचे ऋण आधी मानावे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.