अर्थ, दोन्ही अर्थांनी

‘जीवनाचा अर्थ काय?’ असं दारव्ह्यात कुणी विचारत नाही. कापूस विकून परतणारा माणूस मोटरसायकलला किक मारता मारता स्वतःशीच म्हणतो, ‘कायसाठी करून राह्यलो हे सारं?’ गाडी सुरू होते, प्रश्न धुरात राहतो. या पुस्तकात त्याला जरा थांबवून घ्यायचं आहे.

आपल्या भाषेत ‘अर्थ’ म्हणजे मतलब, आणि ‘अर्थ’ म्हणजे पैसाही. चार पुरुषार्थ मोजणाऱ्यांनी अर्थाला धर्म आणि मोक्षाच्याच पंगतीला बसवलं होतं. जगण्याच्या हेतूवरची हल्लीची पुस्तकं त्याला हळूच पंगतीतून उठवतात. यवतमाळ जिल्ह्यात ते जमणार नाही. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा पती-पत्नी आणि चार मुलांसह अंत झाला, आणि पुढे या जिल्ह्याची ओळखच शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी होऊ लागली. कर्जात बुडालेल्याला ‘जगण्याचा हेतू शोध’ म्हणणं हे तत्त्वज्ञान नव्हे, आगाऊपणा आहे. आधी भाव, मग भावार्थ.

तरीही भाव मिळाला म्हणून प्रश्न मिटत नाही. तिथून पुढे या विषयाचं खरं काम सुरू होतं. अभ्यासक एक फरक करतात: जीवनाचा अर्थ वेगळा, जीवनातला अर्थ वेगळा. पहिला कुणीतरी बाहेरून नेमून दिलेला, दुसरा जगता जगता लागणारा.

हा फरक मला आमच्या मोतीबाग स्टेशनावर कळला. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे इंग्रजी कंपनीने टाकली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि पुढे मँचेस्टरला जावा म्हणून. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. रुळांना हेतू होता, पण तो दुसऱ्याचा. पुढे कापूस ट्रकवर गेला, १९९४ मध्ये वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, आणि गाडी चालत राहिली. लग्नाची माणसं, बाजाराची टोपली, माहेरची पिशवी घेऊन चालत राहिली. बांधणाऱ्याचा हेतू संपला होता. बसणाऱ्यांनी दुसरा दिला होता. आता तीही बंद आहे. पण तिच्या आठवणीत मँचेस्टर कुणाला आठवत नाही.

या वाटेवर सोबती बरेच भेटतील. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणारे टिळक उत्तर कर्मात शोधतात. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रँकल म्हणतात, आपण जगण्याला प्रश्न विचारत नाही, जगणंच आपल्याला विचारत असतं. कामूची ओळख मी उरकून टाकली आहे. त्याच्या लिखाणातला, पुन्हा पुन्हा चढावर ढकलायचा दगड आमच्याकडे रोजच ढकलला जातो. गाडगेबाबांना मात्र मी जास्त जागा दिली, आणि ते वऱ्हाडातले म्हणून नव्हे. १९०५ साली घर सोडलेल्या या माणसाने ग्रंथ लिहिला नाही. गावात शिरला की आधी खराटा हाती घेई, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारी, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढी. याहून चांगली अभ्यासपद्धत मला सापडलेली नाही.

प्रकरणं लहान ठेवली आहेत; दिवसभराची वेचणी आटोपून आलेल्यालाही एका बैठकीत एक वाचता यावं. क्रमाने वाचायची सक्ती नाही. पेन्सिल मात्र जवळ ठेवा, आणि जिथे माझं पटणार नाही तिथे समासात बिनदिक्कत भांडा.

दारव्हा