आरमोरी परिसरातील हवामानबदल आणि लोकांचे आकलन

आरमोरी हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैनगंगा नदीच्या डाव्या तीरावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हे दोन्ही तीर एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. धानाची शेती, तलावांची मासेमारी, मोहफूल व तेंदूपान यांसारखे वनोपज आणि कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, उत्पादन ही येथील उपजीविकेची मुख्य साधने आहेत. ही सर्व साधने पाऊस व उष्णता यांवर थेट अवलंबून असल्यामुळे हवामानबदल हा येथे दैनंदिन व्यवहाराचा विषय आहे. त्याच्या शास्त्रीय कारणांचे आकलन मात्र अनुभवाच्या मागे राहिले आहे.

== संज्ञांची अडचण ==

मराठीत ‘हवामान’ हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. आज दुपारी पाऊस येईल की नाही हेही हवामान, आणि एखाद्या प्रदेशातील अनेक दशकांच्या पाऊस-उष्णतेची सरासरी व तिच्यातील चढउतार हेही हवामानच. दुसऱ्या अर्थाने बोलताना हवामानशास्त्रज्ञ साधारणपणे ३० वर्षांचा काळ गृहीत धरतात. राज्य शासनाच्या संबंधित विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ असा शब्दप्रयोग आहे, वृत्तपत्रांत ‘हवामान बदल’ रूढ आहे, तर हिंदीच्या सान्निध्यामुळे झाडीपट्टीत ‘जलवायू’ हा शब्दही कानी पडतो. या गोंधळाचा परिणाम केवळ भाषिक नाही. एखादा हिवाळा कडक गेला की ‘मग तापमानवाढ कुठे आहे?’ हा प्रश्न उपस्थित होतो, तो पहिल्या अर्थाची मोजपट्टी दुसऱ्या अर्थाला लावल्यामुळे.

== शास्त्रीय आधार ==

सूर्यप्रकाशाने तापलेली पृथ्वी ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत फेकते. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन या किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व मिथेन मात्र ते शोषून घेतात. ही गोष्ट अलीकडची नाही. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये याने १८२० च्या दशकात वातावरण उष्णता राखून ठेवते असे मांडले. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट आणि त्यानंतर काही वर्षांनी आयर्लंडचा जॉन टिंडल यांनी वायूंवर प्रयोग केले. स्वीडनचा स्वान्ते आऱ्हेनियस याने १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइड वाढल्यास तापमान किती वाढेल याचे गणित हाताने केले.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग याने १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा हा आकडा सुमारे ३१५ होता, आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. वाढलेला कार्बन मुख्यतः दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून आला हे त्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०२१ च्या अहवालात मानवी कृतींमुळे पृथ्वी तापली हे निःसंदिग्ध असल्याचे नमूद केले.

भारतापुरते पाहता, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. हे काम प्रामुख्याने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत झाले.

== मध्य भारतातील पावसाचे बदललेले रूप ==

गडचिरोली जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस कमी झाला का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण धानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे तो कसा पडतो हा. एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो मोजक्या दिवसांत कोसळला आणि मध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली, तर आकडेवारीत वर्ष सरासरीचे ठरते आणि बांधीत पीक करपते.

मध्य भारतात नेमके याच दिशेने बदल नोंदले गेले आहेत. भू. ना. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की मध्यम पावसाच्या घटना घटत असून अतिवृष्टीच्या वाढत आहेत, आणि दोन्ही एकमेकींना झाकत असल्यामुळे हंगामी सरासरीत फारसा फरक दिसत नाही. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या उत्तर अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे लोट हे त्यामागील एक कारण म्हणून मांडले गेले. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस लांबतोही आणि आला की जोराने येतोही. या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात, पण त्या तशा नाहीत.

प्रत्येक वाईट हंगाम हवामानबदलामुळेच येतो असे मात्र म्हणता येत नाही. २००९ व २०१५ ही तुटीची वर्षे एल निनोची होती, आणि एल निनो हा प्रशांत महासागरातील नैसर्गिक चढउतार आहे.

== धान आणि तलाव ==

धानाचे वेळापत्रक काटेकोर असते. पऱ्हे टाकल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत रोवणी व्हावी लागते. पाऊस लांबला तर पऱ्हे वाफ्यातच जून होतात व त्यांना फुटवे कमी येतात. ज्यांच्याकडे पाण्याची सोय नाही ते आवत्या पद्धतीने बी फेकून मोकळे होतात, पण तणाचा त्रास वाढतो. दुसरा धोका हंगामाच्या शेवटी असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलेला धान कडपांच्या रूपात बांधीत वाळत पडलेला असताना अवकाळी पाऊस आला तर दाण्यांना कोंब फुटतात. या एका आठवड्यात वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते.

पावसाच्या लहरीपणावर या प्रदेशाने शोधलेला उपाय म्हणजे तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. उघडीप पडली की तलावाच्या एका-दोन पाण्यांवर धान तगतो. त्यामुळे अनियमित पावसाच्या काळात त्यांचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे. प्रत्यक्षात अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली. मालकी गेल्यानंतर देखभालीची सामूहिक सवयही गेली, हे त्याचे मोठे कारण मानावे लागते.

वाणांच्या निवडीतही हा विचार येतो. भारी धान अधिक पिकतो पण शेवटच्या पाण्यावर अवलंबून असतो. हलका धान लवकर निघतो. सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्र या प्रदेशासाठी धानावर काम करते. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे (मृत्यू २०१८) यांनी स्वतःच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत ‘एचएमटी’ हे वाण सिद्ध केले. निरीक्षणाची ही परंपरा हवामानाच्या नोंदींकडे वळवता येण्याजोगी आहे.

पाणी साचलेल्या बांधीतून मिथेन वायू बाहेर पडतो, हेही खरे आहे. आलटून पालटून बांधी कोरडी केल्यास तो घटतो, पण त्यासाठी पाणी हवे तेव्हा मिळण्याची खात्री लागते. पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्याकडे ती नसते.

== उष्णता व वनोपज ==

ब्रह्मपुरी व चंद्रपूर ही नावे मे महिन्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार वरच्या क्रमांकावर असतात. मे २०१९ च्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या आसपास गेला होता. उन्हाळा येथे पूर्वीपासून कडकच आहे, बदलला आहे तो त्याचा कालावधी व वारंवारता. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. भारत व पाकिस्तानातील त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलच्या उष्णतेची शक्यता हवामानबदलामुळे सुमारे ३० पटींनी वाढली, असे आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने दाखवले.

मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचली जातात आणि अंगणात वाळवली जातात. वाळवणीच्या दिवसांत पाऊस आला की ती काळी पडतात. तेंदूपान संकलन मेच्या उन्हात होते आणि गारपिटीने पाने फाटली तर हंगामच बुडतो. टसराच्या अळ्या घरात नव्हे, तर ऐन व अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढवल्या जातात. आरमोरी परिसरात हे काम करणाऱ्या ढिवर कुटुंबांना तापमान व पाऊस या दोहोंपासून आडोसा नसतो. मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा लांबलेल्या कोरड्या उन्हाळ्यात वणव्याचे कारण ठरते. हा धोका टाळणे स्थानिकांच्या हाती आहे.

== २०२० चा महापूर आणि कारणांचा वाद ==

२९ ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि पवनीजवळील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. ब्रह्मपुरी, देसाईगंज व आरमोरी तालुक्यांत गर्भावस्थेतील धान बुडाला. आरमोरीत त्या दिवसांत पाऊस तुलनेने थोडा असताना पाणी चढले, हा अनुभव लोकांच्या स्मरणात राहिला.

या पुराची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. एकानुसार तो केवळ धरण व्यवस्थापनातील त्रुटीमुळे आला, दुसऱ्यानुसार हवामानबदलामुळे. दोन्ही अपुरी आहेत. अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत हे नोंदींवरून सिद्ध आहे. पण कोणते धरण केव्हा किती भरू द्यायचे आणि खालच्या राज्याला सूचना केव्हा द्यायची हे निर्णय माणसांचे असतात. ‘हवामानबदल’ हे कारण पुढे केल्याने ती जबाबदारी संपत नाही, उलट वाढते, कारण बदलत्या पावसाला जुने वेळापत्रक पुरत नाही. हा भेद नुकसानभरपाईच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा तालुक्यात जुलै २०२२ च्या पुरानंतर मेडीगड्डा बंधाऱ्यासंबंधी असाच वाद झाला.

== लोकांचे आकलन ==

येल विद्यापीठ व सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत ५४ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीविषयी अगदी थोडे माहीत आहे किंवा कधीच ऐकले नाही असे सांगितले. थोडक्यात अर्थ समजावून दिल्यावर मात्र ८४ टक्क्यांनी ती घडत असल्याचे मान्य केले. तिचे मुख्य कारण मानवी कृती आहेत असे ५७ टक्क्यांचे मत होते. म्हणजे उणीव अनुभवाची नाही, अनुभव व कारण यांना जोडणाऱ्या दुव्याची आहे.

झाडीपट्टीत हा दुवा तुटण्याची काही ठराविक स्थळे आहेत. ओझोनचा थर विरळ होणे आणि तापमानवाढ यांची गल्लत पाठ्यपुस्तके शिकलेल्यांतही आढळते. वस्तुतः या दोन वेगळ्या समस्या आहेत. दुसरी समजूत अशी की तापमानवाढ फक्त जंगलतोडीमुळे होते. जंगलतोडीचा त्यात वाटा आहे, पण जगभरात मोठा वाटा जीवाश्म इंधनांचा आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित असूनही तो तापतो, याचे उत्तर या समजुतीत सापडत नाही.

तिसरी बाब नक्षत्रांची. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ते हस्त या पावसाच्या नक्षत्रांवर शेतीची कामे बेतलेली आहेत, आणि ‘आता नक्षत्रे खोटी ठरू लागली’ असे वडीलधारे सांगतात. नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने खरोखरच सरकतात, पण हा वेग साधारण ६० ते ७२ वर्षांत एक दिवस इतका मंद आहे. एका पिढीला जाणवणारा फरक त्यातून येऊ शकत नाही. तो पावसाच्या वर्तनातला आहे. भारतीय हवामान विभागानेही मोसमी पावसाच्या आगमन व परतीच्या सर्वसाधारण तारखा २०२० मध्ये नव्याने ठरवल्या. नक्षत्रांच्या भाषेत सांगितलेले निरीक्षण अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. त्यात कित्येक दशकांची नोंद असते, फक्त ती कागदावर नसते.

पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला, त्यामुळे हा विषय शाळांत पोहोचला. तरी उदाहरणे ध्रुवीय अस्वलाची व वितळत्या हिमनद्यांची राहिली, बांधी व तलावाची फारशी आली नाहीत. कृषी हवामान सल्ला मराठीतून प्रसारित होतो. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या मौसमविज्ञान संस्थेचे अ‍ॅप रोवणीच्या दिवसांत उपयुक्त आहे, मात्र जंगलातील गावांत मोबाइलचे जाळे मिळेल तेथेच.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण या संदर्भात वेगळे ठरते. तेथे ग्रामसभा निर्णय घेते, पण त्याआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते; बाहेरचे जाणकार माहिती देतात आणि निर्णय गाव घेते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला.

== कोळसा आणि जबाबदारी ==

वैनगंगेच्या एका बाजूला राज्यातील सर्वाधिक वनाच्छादन असलेला जिल्हा आहे, तर दुसऱ्या बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी व २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. तेथील वीज राज्यभर जाते. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि वनोपजावर जगणाऱ्या कुटुंबाचे त्याहूनही कितीतरी कमी. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. कोळशापासून दूर जाताना चंद्रपूरच्या खाणकामगारांचे काय, आणि वन राखणाऱ्या गावांना त्याचा मोबदला कोणी व कसा द्यायचा, हे प्रश्न दोन्ही तीरांवर सारखेच खुले आहेत.