खेळयंत्राची स्मृति कोठें राहते?



जुनें भांडें मोडींत द्यावें, वर कांहीं रोख रक्कम मोजावी आणि नवें घरीं आणावें, हा व्यवहार आपणांस नवा नाहीं. मोडींत घातलेल्या तांब्याबरोबर कोणाचें कांहीं मागें राहत नाहीं. परंतु आतां घरोघर अशीं यंत्रें आलीं आहेत कीं, तीं बदलतांना त्यांच्या पोटांत काय राहिलें हें आधीं पाहावें लागतें. मुलांचें खेळयंत्र, ज्याला बाजारांत ‘गेमिंग कन्सोल’ म्हणतात, तें त्यांपैकींच एक होय.

गेल्या वर्षीं माझ्या नातवाचें असें एक यंत्र आम्हीं बदललें. दोन वर्षें खपून त्यानें पडद्यावर एक शेतवाडी उभी केली होती. विहीर होती, गोठा होता, बांधावर झाडें होतीं. दुकानदारानें जुन्या यंत्राची किंमत ठरविली, आमच्यादेखत तें पुसून कोरें केलें आणि दुसरें यंत्र हातीं दिलें. जुन्या यंत्रांतलें नखाएवढें मेमरी कार्ड मुलानें आधींच काढून खिशांत जपून ठेविलें होतें. वाडी त्यांतच आहे अशी त्याची खात्री होती, आणि खरें सांगावयाचें तर माझीहि. घरीं येऊन कार्ड नव्या यंत्रांत घातलें, तों यंत्रानें पहिल्या दिवसासारखें नांव विचारलें. कार्डावर मधूनमधून टिपलेलीं चित्रें तेवढीं होतीं. वाडी नव्हती. मुलगा रडला नाहीं, पण त्या रात्रीं जेवलाहि नाहीं. दुकानदाराला बोल लावण्यांत अर्थ नव्हता. जें विचारावयाचें तें आम्हींच विचारलें नव्हतें.

तेव्हांपासून या यंत्रांची स्मृति असते तरी कोठें, याचा मीं शोध घेऊं लागलों. त्यांतून जो इतिहास हातीं आला तो आज आपल्यापुढें ठेवितों.

आरंभीं या यंत्रांना स्मृति अशी नव्हतीच. १९७७ सालीं अमेरिकेंत निघालेल्या अटारी कंपनीच्या यंत्रांत खेळाची कॅसेट खोंचावी लागे. त्या कॅसेटींतील मजकूर कारखान्यांतच कायमचा भरलेला असे. यंत्राला तो वाचतां येई, त्यांत नवें कांहीं लिहितां येत नसे. जपानांत १९८३ सालीं निन्टेन्डो कंपनीनें काढलेल्या ‘फॅमिकॉम’ची गोष्टहि प्रथम अशीच होती. याच यंत्राच्या नकला १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे गांवोगांव पोंचल्या. वीज गेली कीं खेळ गेला. आई जेवावयास हांक मारी तेव्हां पोरें टेलिव्हिजन तेवढा बंद करीत आणि यंत्र तसेंच चालूं ठेवून पानावर बसत. परत येऊन पाहावें तों खेळ जेथल्या तेथें. मात्र त्या काळीं यंत्र बदलणें सोपें होतें, कारण गमावण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें.

पुढें खेळ लांबले. एका बैठकींत न संपणाऱ्या कथा त्यांत आल्या, आणि मग कालचा धागा आज कसा धरावा हा प्रश्न उभा राहिला. १९८६ सालीं जपानांत याचीं दोन उत्तरें निघालीं. फेब्रुवारींत निन्टेन्डोनें आपल्या यंत्राला तबकडीची जोड दिली, आणि ‘झेल्डा’ या खेळांतली प्रगति त्या तबकडीवरच नोंदली जाऊं लागली. दुसरें उत्तर मे महिन्यांत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळानें दिलें, आणि एका शिक्षकाला तें अधिक आवडावें यांत नवल नाहीं. खेळ थांबवावयाचा झाला कीं यंत्र पडद्यावर वीस अक्षरांचा एक मंत्र दाखवी. मुलानें तो वहींत उतरून घ्यावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं तोच यंत्राला परत सांगावयाचा. या मंत्राला तेथें ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ अशाच अर्थाचें नांव होतें.

या मंत्रांत जादू नव्हती, निव्वळ अंकगणित होतें. वीराचें नांव, त्याचा अनुभव, गांठीचें धन, हातांतलीं शस्त्रें हें सर्व आंकड्यांत मांडून त्या आंकड्यांचीं अक्षरें केलेलीं असत. शिवाय त्यांत ताळ्याचा आंकडा गुंफलेला असे. गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यास आपण नवांचा ताळा घेत असूं, तसाच हा प्रकार. उतरतांना एक अक्षर चुकलें कीं ताळा जमेना, आणि यंत्र मंत्र नाकारी. जपानी लिपींतील ‘नु’ आणि ‘मे’, किंवा ‘ने’ आणि ‘रे’ हीं अक्षरें दिसावयास जवळजवळ सारखीं. घाईनें लिहिणाऱ्याची त्यांत फसगत ठरलेली. आमच्या वर्गांतील पोरें ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ करीत, तेव्हां फार तर अर्धा गुण जाई. तेथें साऱ्या आठवड्याचा पराक्रम जाई! १९८७ सालीं याच खेळाचा दुसरा भाग निघाला, त्यांत मंत्राची लांबी बावन्न अक्षरांपर्यंत गेली. तिसऱ्या भागांत, १९८८ सालीं, मंत्र सोडूनच द्यावा लागला.

परंतु या मंत्राचा एक गुण पुढें कोणत्याहि साधनाला साधला नाहीं. तुमची स्मृति तुमच्या वहींत असे. यंत्र मोडो, विको, चोरीस जावो. शेजाऱ्याच्या यंत्रावर बसून तींच वीस अक्षरें सांगितलीं कीं तोच वीर, तेवढेंच धन घेऊन, पुन्हां उभा राही.

मंत्राची जागा बॅटरीनें घेतली. १९८७ सालीं ‘झेल्डा’ अमेरिकेंत गेला तो कॅसेटीवर. त्या कॅसेटींत लिहितां येणारी थोडी स्मृति होती, आणि ती जागी ठेवण्यास रुपयाएवढी एक चपटी बॅटरी डाख देऊन बसविलेली होती. वीज बंद करतांना रीसेटची कळ दाबून धरा, अशी सूचना खेळाडूंना दिलेली असे. येथेंहि यंत्र बदलण्याची भीति नव्हती, कारण प्रगति कॅसेटीबरोबर जाई. जुन्या बाजारांतून कॅसेट आणणाऱ्या मुलाला पुष्कळदां तींत कोणा अनोळखी मुलाचें नांव आणि त्याचा अर्धवट राहिलेला प्रवास सांपडे. दोष एवढाच कीं बॅटरीला आयुष्य असतें. ती संपली कीं स्मृति विझते. आणि नवी बसविण्यासाठीं जुनी काढावी, तर त्या क्षणींहि विझते.

या फेऱ्यांतून सुटका केली ती तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका या जपानी संशोधकाच्या ‘फ्लॅश’ स्मृतीनें. विजेवांचून लिहिलेलें टिकवून धरणारी ही स्मृति त्यानें १९८४ सालीं शास्त्रज्ञांपुढें मांडली होती. दहा वर्षांनीं, १९९४ च्या डिसेंबरांत, सोनी कंपनीचें ‘प्लेस्टेशन’ निघालें, तेव्हां त्याच्यासाठीं याच जातीच्या स्मृतीचें छोटें कार्ड मिळूं लागलें. त्यांत अवघे १२८ किलोबाइट मावत, त्याचे पंधरा कप्पे केलेले असत. आणि पंधरा भरले कीं सोळाव्यासाठीं कोणत्या जुन्या आठवणीवर पाणी सोडावें हें मुलांना ठरवावें लागे. कार्ड खिशांत घालून मित्राकडे जावें, त्याच्या यंत्रांत खोंचावें आणि आपला खेळ पुढें चालूं करावा. २००० सालीं ‘प्लेस्टेशन २’ आलें तेंहि जुन्या तबकड्या आणि जुनीं कार्डें स्वीकारी. जुनें यंत्र देऊन नवें घेणाऱ्याला इतका सुखाचा काळ पुन्हां आला नाहीं, असें मला वाटतें.

कारण पुढच्याच वर्षीं वारें फिरलें. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘एक्सबॉक्स’ काढला व त्यांत आठ गिगाबाइटची हार्ड डिस्क मुळांतच बसविली. जागा भरपूर झाली, कप्पे मोजण्याची चिंता मिटली. परंतु स्मृति खेळाडूच्या खिशांतून निघाली आणि यंत्राच्या पोटांत शिरली. ‘प्लेस्टेशन ३’ २००६ सालीं आलें. त्याची डिस्क मालकाला स्वतः बदलतां येत असे खरी, पण ती त्या एकाच यंत्राच्या कुलपानें बंद असे. ती काढून दुसऱ्या यंत्रांत घातली, तर दुसरें यंत्र ती आधीं कोरी करावयास सांगे. दोन यंत्रें तारेनें जोडून एकाचा संसार दुसऱ्यांत हलविण्याची सोय २००९ च्या डिसेंबरांत झाली. निन्टेन्डोनें २०१२ सालीं ‘वी यू’ काढलें, त्यांत जुन्या ‘वी’ यंत्रांतला डेटा आणतांना पिकमिन नांवाचे चिमुकले जीव ओझीं डोक्यावर घेऊन चाललेले पडद्यावर दिसत. दृश्य मोठें गोड. परंतु ही नक्कल नव्हती, स्थलांतर होतें. सामान नव्या घरीं पोंचलें कीं जुनें घर रितें होई, आणि परतीची वाट नव्हती.

शेवटीं स्मृति यंत्रांतूनहि निघाली आणि कंपनीच्या दूरच्या कोठारांत, ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात त्यांत, जाऊन बसली. सोनीनें २०११ सालीं ही सोय वर्गणीदारांस दिली. २०१३ च्या ‘एक्सबॉक्स वन’मध्यें ती वेगळी वर्गणी न घेतां खात्याबरोबरच मिळाली. निन्टेन्डोचें ‘स्विच’ २०१७ चें, त्याची ही सोय पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत सुरू झाली, तीहि वर्गणीनें, आणि सर्वच खेळांना ती लागू नाहीं. या यंत्रांत कार्ड घालतां येतें, त्यावर खेळ व चित्रें राहतात; खेळाडूची प्रगति मात्र यंत्राच्याच पोटांत राहते. २०२० च्या मार्चांत आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या खेळांतलें बेट तर यंत्रालाच बांधलेलें होतें. तें दुसऱ्या यंत्रावर नेण्याचें निराळें साधन त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मिळालें. ५ जून २०२५ रोजीं निघालेल्या ‘स्विच २’मध्यें जुन्या यंत्रांतलीं खातीं आणि प्रगति आणण्याची व्यवस्था आरंभापासून आहे. परंतु ती उपयोगीं पडते ती जुनें यंत्र कोरें करण्यापूर्वीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असा व्यवहार व्हावयाचा आहे त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, दोन्हीं यंत्रें निदान एक रात्र तरी एका छपराखालीं राहूं द्यावीं. खात्याचें नांव आणि परवलीचा शब्द कागदावर लिहावा. प्रगति हलविल्यावर एकेक खेळ नव्या यंत्रावर उघडून पाहावा, आणि मुलाला पाहूं द्यावा. त्याचें काय कोठें होतें हें त्यालाच ठाऊक असतें. मग जुनें यंत्र स्वतः पुसावें, कारण आपलें खातें त्यांत ठेवून तें परक्याच्या हातीं देणेंहि बरें नव्हे. आणि सौदा त्यानंतर करावा. आम्हीं सौदा आधीं केला.

कार्डावर राहिलेल्या त्या चित्रांवरून नातवानें जुन्या वाडीचा नकाशा चौकटीच्या वहींत काढला आहे. विहीर कोठें होती याविषयीं त्याचा आणि माझा अद्याप वाद आहे. गोठा मात्र पूर्वींच्याच जागीं पुन्हां उभा राहिला आहे.